नवरीच्या भावाने कुठली लेन्स लावावी? कोल्हापुरातल्या एका लग्नाचं प्रकरण

भाच्याच्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं. हळद मंगळवार पेठेतल्या घरी, लग्न राजारामपुरीतल्या एका कार्यालयात दुपारच्या मुहूर्तावर, आणि दुसऱ्या दिवशी नव्या जोडीला घेऊन जोतिबा. फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला ठरवलेला होता, पण फक्त लग्नाच्या दिवसापुरता. हळद आणि जोतिबा धरलं की पॅकेज वाढत होतं, म्हणून नवरीच्या वडिलांनी घरातल्या घरात निकाल लावला : "आपल्या पोराकडं एवढा मोठा कॅमेरा हाय, तो काय शोकेसला ठेवायला घेतलाय व्हय?"

पोराकडचा कॅमेरा म्हणजे निकॉन डी५६००, आणि त्याच्यासोबत खोक्यात आलेल्या दोन लेन्स : १८-५५ आणि ७०-३००. (हे आकडे फोकल लांबीचे, मिलिमीटरमध्ये; आकडा लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं.) सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, क्रॉप; फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा दीडपट अरुंद दिसणारा. फोटोचा हात बरा आहे. पन्हाळ्याच्या तटबंदीवरचे, रंकाळ्यावरचे संध्याकाळचे फोटो चांगले काढतो. लग्न मात्र कधी काढलेलं नव्हतं.

माझ्याकडे आला तेव्हा प्रश्न तयारच होता. "मामा, ७०-२०० एफ २.८ भाड्यानं घेऊ का? दोन दिवसांचं भाडं काका द्यायला तयार हाईत."

(एफचा आकडा जितका छोटा तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त.) या प्रश्नात काही गैर नाही. लग्न काढणाऱ्या कुणाच्याही खांद्यावर ती पांढरी किंवा काळी नळी दिसतेच, त्यामुळे लग्न म्हटलं की ती हवीच असं वाटतं. तरी मी त्याला लेन्सचं नाव बाजूला ठेवायला सांगितलं आणि आधी एक विचारलं : लग्नात तू कोण आहेस?

उत्तरात निम्मं प्रकरण सुटलं. नवरीला सख्खा भाऊ नाही. म्हणजे लाजाहोमाला तिच्या ओंजळीत लाह्या घालणारा हाच, आणि कानपिळीला नवरदेवाचा कान धरणारा हाच. त्या वेळी कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असणार, बहुतेक धाकट्या मावसबहिणीच्या. मधल्या वेळात फेटे बांधून झाले का बघ, पाहुण्यांना पाणी दे, आजीला जिन्यावरून वर आण, ही कामं आहेतच. अशा माणसाला दोन मिनिटं शांत उभं राहून लेन्स बदलायला मिळत नाहीत. त्यामुळे पहिली अट ठरली : कॅमेऱ्यावर जे लावाल ते तासन् तास तसंच राहिलं पाहिजे, आणि कॅमेरा कधीही हातात न धरलेल्या मुलीलाही त्यातून फोटो काढता आला पाहिजे.

जुने फोटो काय सांगतात

त्याने मागे एका मित्राच्या लग्नात हौसेने काढलेले फोटो होते. ते संगणकावर घेऊन प्रत्येक फोटोची फोकल लांबी बघितली. बहुतेक फोटो एकतर १८ वर नाहीतर ५५ वर; मधलं फारसं काही नाही. झूम वापरणाऱ्या नवशिक्याचं हे नेहमीचं चित्र. यावरून "मला ५५ च्या पुढचं लागतं" असा निष्कर्ष तो काढत होता. फोटो नीट बघितल्यावर वेगळंच दिसलं. ५५ वर काढलेल्या फोटोंत समोर कुणाची तरी पाठ, खुर्चीची कड, नाहीतर व्हिडिओवाल्याचं कोपर. तो लांब बसला होता म्हणून ५५ लागलं होतं. या वेळी तो नवरीचा भाऊ आहे, स्टेजवर त्याची हक्काची जागा आहे. पाहुण्याची लेन्स भावाला कशाला?

कार्यालयाची पावलं

मग आम्ही कार्यालय बघायला गेलो, आणि मुद्दाम तिथे दुसऱ्या कुणाचं तरी लग्न चालू असताना गेलो. रिकाम्या हॉलमध्ये ट्यूबलाइट बघून काही कळत नाही. स्टेजवरचे दिवे, डेकोरेशन, माणसांची गर्दी हे सगळं जागेवर असताना बघावं. (लग्नघरात दोन अनोळखी माणसं शिरली तर कोल्हापुरात कुणी हटकत नाही. उलट जेवून जायचा आग्रह होतो, तो आम्हाला झालाच.)

स्टेज पावलांनी मोजलं. रुंदी साधारण २४ फूट, खोली १४. मागच्या फुलांच्या पडद्याने त्यातले तीनेक फूट खाल्लेले. स्टेजच्या समोर मधोमध व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड, त्याच्या शेजारी फोटोग्राफर, आणि लगेच मागे सोफे. ती समोरची जागा पैसे दिलेल्या माणसाची. तिथे भाच्याने घुसू नये असं माझं स्पष्ट मत होतं. आपल्याच घरच्या अल्बममध्ये आपली पाठ येते, आणि त्या बिचाऱ्याला काही बोलताही येत नाही.

भाच्याला उरते ती स्टेजची बाजू. तीच चांगली, कारण अंतरपाट धरला की नवरा आणि नवरी एकमेकांकडे तोंड करून उभे असतात. बाजूने बघितलं तर एका फ्रेममध्ये डावीकडे एक चेहरा, उजवीकडे दुसरा आणि मधे कापड असं मिळतं. तिथून जोडीपर्यंतचं अंतर आठ-नऊ फूट, म्हणजे अडीच मीटर धरू.

आता सोपं गणित. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लांबी, गुणिले अंतर. जे येईल तेवढी रुंदी फ्रेममध्ये बसते. डी५६०० चा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. अडीच मीटरवरून १७ मिलिमीटरला जवळपास साडेतीन मीटर रुंदी येते : जोडी, अंतरपाट, मागे उभे दोन्हीकडचे मामा, करवल्या, सगळे. २४ ला अडीच मीटरच्या आत-बाहेर. ३५ ला सुमारे १.७ मीटर, म्हणजे दोघंच. ५० ला १.२ मीटरपेक्षा किंचित कमी. आणि ७० ला फक्त ८४ सेंटिमीटर, म्हणजे दोघांपैकी एकाचाच चेहरा. मागे सरकायला भिंत. कॅमेरा उभा धरला तर ७० ला फेट्याच्या तुऱ्यापासून पायापर्यंत माणूस बसवायला सहा मीटर लागतात.

७०-२०० इथेच निकालात निघाली. वजनाचा मुद्दा वेगळा काढावाच लागला नाही, पण सांगून ठेवतो : निकॉनची त्या जातीची लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते, आणि डी५६०० बॅटरीसकट अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर असा पुढे झुकणारा कॅमेरा गळ्यात घालून लाह्या कशा घालणार?

उजेडाचा हिशेब

स्टेजवरचा उजेड मोजला. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) १६००, छिद्र एफ २.८, शटर उघडं राहायचा वेळ १/१२५ सेकंद. बंदिस्त कार्यालयाच्या मानाने हा बरा आकडा. आता किट लेन्स, म्हणजे खोक्यातली १८-५५, बघा. तिचं छिद्र १८ ला एफ ३.५ असतं, पण झूम करत ५५ वर गेलं की ५.६ होतं. एफ २.८ आणि ५.६ यांत दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे चौपट उजेडाचा फरक. तोच फोटो त्याच शटरला काढायचा तर आयएसओ ६४०० करावा लागतो. डी५६०० चा ६४०० मोबाइलवर बघायला चालतो; १२ बाय १८ च्या अल्बमात नवरीच्या गालावरची हळद आणि जास्त आयएसओने येणारे रंगीत कण वेगळे ओळखू येत नाहीत.

भाचा म्हणाला, लेन्समध्ये कंपन रोखायची सोय आहे, शटर १/३० करतो. ती सोय हात हलला तर सावरते. समोरची माणसं हलतात त्याला ती काही करत नाही, आणि मंगलाष्टकांत "शुभमंगल सावधान" झाल्यावर कोण स्थिर राहतं?

शटर वाढवण्यालाही मर्यादा निघाली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. त्या कार्यालयात १/५०० ला सलग फोटो काढून बघितले तर एक उजळ, एक मळकट, एकावर आडवा पिवळसर पट्टा. १/१०० ला सगळे सारखे. अक्षता हवेत गोठवायच्या तर १/५०० हवं, आणि दिवे म्हणतात १/१००. मी १/१०० च्या बाजूने होतो. अक्षतांच्या बारीक रेघा आल्या तर येऊ देत; चेहऱ्यावर पट्टा आला तर तो फोटो गेला.

फ्लॅशचं थोडक्यात. छतावर आपटून उजेड परत घ्यायची युक्ती तिथे चालणार नव्हती, कारण सगळं छत भगव्या-पिवळ्या कापडाने झाकलेलं. फ्लॅश तिथे आपटला की माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मोठी लेन्स लावली की तिचीच सावली फोटोच्या खालच्या बाजूला पाडतो. तो बंद ठेवायचं ठरलं.

काकांची जुनी ५०

मधेच एक पर्याय उगवला. भाच्याच्या धाकट्या काकांकडे जुनी ५० एफ १.८ डी पडून होती. फुकट, हलकी, आणि २.८ पेक्षाही सव्वा स्टॉपहून जास्त उजेड घेणारी. भाचा खूश. लावून बघितली तर फोकसच हलेना.

लेन्स खराब नव्हती. निकॉनच्या एएफ-डी जातीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर एका स्क्रूने ती फिरवते. डी५६०० मध्ये आणि त्या वर्गातल्या इतर छोट्या बॉडींत (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) ती मोटर दिलेलीच नाही. त्यामुळे अशी लेन्स बसते, उजेडही मोजते, पण फोकस हाताने करावा लागतो. जुनी निकॉन लेन्स कुणी आपुलकीने पुढे केली तर आधी नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का बघावं.

हाताने फोकस का नको, याचंही उत्तर गणितात आहे. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८, अंतर दोन मीटर : स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा. दीड मीटरवर साडेसहा. आणि इथे मराठी लग्नाची एक खास अडचण येते, जी परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही : मुंडावळ्या. त्या डोळ्यांच्या पुढे तीन-चार सेंटिमीटरवर लोंबत असतात, आणि चकाकतात. ऑटोफोकस आपसूक त्यांनाच पकडतो. एफ १.८ ला मुंडावळीचा मणी न् मणी लख्ख येतो आणि मागे नवरीचे डोळे मऊ पडतात. जवळून चेहरा घ्यायचा तर एफ २.८ ते ४, आणि फोकसचा एकच चौकोन, तो आपण डोळ्यावर ठेवायचा. म्हणजे ज्या १.८ साठी जीव टाकायचा, तो मुंडावळ्या बांधल्यावर वापरायचाच नाही.

काय ठरलं

भाड्याने १७-५० एफ २.८ घेतली, सिग्माची, क्रॉप सेन्सरसाठी बनलेली, आतच मोटर असलेली, साधारण ५६५ ग्रॅमची. निकॉनची २४-७० एफ २.८ सुद्धा मिळत होती आणि ती जास्त नावाजलेली, पण क्रॉपवर तिचं २४ हे ३६ सारखं अरुंद दिसतं. मंगळवार पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ते परवडत नाही. दुसरी लेन्स माझी : ३५ एफ १.८, खिशात मावणारी, फक्त अंधारासाठी. त्याची स्वतःची ७०-३०० फक्त परण्यासाठी, म्हणजे नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळात जातो तेव्हा. दिवसाचं ऊन असतं, तिथे एफ ६.३ पुरतो. किट लेन्स जोतिबासाठी.

८५ एफ १.८ चा विषय निघाला आणि दोन मिनिटांत मिटला. ती ८० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही आणि त्या घरात मागे सरायला जागा नाही. संपलं.

भाड्याची लेन्स घेताना तीन गोष्टी करून घेतल्या : माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तो भाग, निकॉनचाच आहे ना, हे कॅमेऱ्यावर लावून बघितलं, १७ ला आणि ५० ला एफ २.८ वर दुकानाच्या पाटीचे फोटो काढून कडेची अक्षरं तपासली. आणि "एक दिवस" म्हणजे किती तास ते आधीच विचारलं. संध्याकाळी नेलेली लेन्स दुसऱ्या दिवशी सकाळीच परत मागणारे असतात.

हळद

घाणा भरताना सुवासिनी जात्याभोवती गोल बसल्या. भाचा चुलीच्या बाजूच्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकलेली. १७ ते २४ इथेच बहुतेक सगळं झालं. एक गोष्ट बजावून ठेवली होती : १७ ला कडेला माणूस ठेवू नकोस. रुंद लेन्स कडेचे चेहरे ओढते, आणि कडेला नेमकी धिप्पाड मावशी बसलेली असते. फोटो बघून ती पुढची पाच वर्षं बोलत नाही. कडेला भांडी, परात, दाराची चौकट येऊ दे. माणसं आत घे.

हळद लावायला लागल्यावर लेन्स बदलणं शक्यच नव्हतं. हात, बाह्या, कॅमेऱ्याचा पट्टा सगळं पिवळं. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावला होता, त्यावर दोन बोटं उमटलीच. पिवळ्या साडीवर, पिवळ्या मांडवाखाली, पिवळ्या दिव्यात कॅमेऱ्याचा आपोआप रंगतोल गोंधळतो आणि सगळं निळसर करून टाकतो. तो रॉमध्येच, म्हणजे नंतर रंग बदलता येतात अशा फाइलमध्येच, काढत होता, म्हणून नंतर निस्तरता आलं.

रात्री गल्लीत हलगी-घुमकं सुरू झालं तेव्हा ३५ बाहेर आली. रस्त्यावरचा एकच दिवा, एफ १.८, आयएसओ ३२००. हलगीवाल्याचा हात धूसर आणि चेहरा स्पष्ट असा एक फोटो मिळाला, तो मला सगळ्या समारंभातला सरस वाटतो. घरच्यांना तो फारसा आवडला नाही. त्यात घरचं कुणीच नाही.

लग्न

ठरवल्याप्रमाणे बाजूला उभा राहिला. आम्ही मोजलं तेव्हा नसलेली एक वस्तू मधे आली : भटजींच्या माइकचा स्टँड, बरोबर अंतरपाटाच्या समोर. प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स असती तर अडकला असता. झूम २० पर्यंत मागे घेतली, दीड पाऊल डावीकडे सरकला, स्टँड खांबाच्या रेषेत लपवला.

व्हिडिओवाल्याचा दिवा हे लग्नातलं न मागता मिळालेलं दान असतं. तो समोरून पडतो म्हणून समोरच्या कॅमेऱ्याला चेहरे सपाट दिसतात. बाजूला उभ्या असलेल्याला त्याच दिव्याने नाक-गाल उठून दिसतात. अंतरपाटाचा पातळ कपडा त्याच उजेडात थोडा झिरझिरीत झाला आणि पलीकडची बोटं दिसली. आयएसओ १६०० च्या वर जावंच लागलं नाही.

लाजाहोमाला कॅमेरा मावसबहिणीकडे गेला. देताना झूम २८ वर, एफ ४, शटर १/१००, आयएसओ आपोआप असं लावून दिलं आणि तिला एकच सांगितलं : "झूम फिरवू नको, पुढं-मागं चाल." कानपिळीचा फोटो तिचाच आहे. किंचित तिरका आहे, पण नवरदेव कान सोडवून घेताना आणि भाचा हसताना दोघंही फोकसमध्ये. ७०-२०० हातात दिली असती तर ती पोरगी कॅमेरा सावरतच राहिली असती.

आहेराच्या वेळचे घोळक्याचे फोटो पगारी फोटोग्राफरने काढले. भाच्याने फक्त आजोळचा एक काढला. वीसेक माणसं, सहा मीटर रुंद ओळ. १७ ला साडेचार मीटरवरून बसत होती, पण तो सोफ्यांच्या मधून साडेसहा मीटरपर्यंत मागे गेला आणि २४ ला काढला, एफ ५.६ करून, म्हणजे मागची रांगही स्पष्ट यावी.

७०-२०० नसल्याची किंमतही पडली. मंगलाष्टकांच्या शेवटच्या कडव्याला नवरीची आई स्टेजपासून लांब, खांबाजवळ उभी होती. तो चेहरा बाजूच्या जागेवरून ५० ला नखाएवढा आला. कापून मोठा केला, पण अल्बमात नाही घेतला. त्या एका फोटोसाठी तासभर सगळं अरुंद बघायचं का, तर माझ्या मते नाही. नवरीच्या वडिलांना हे पटलेलं नाही.

जोतिबा

इथे महागडी लेन्स नेऊ नकोस, हे मी जोर देऊन सांगितलं होतं. वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, गुलाल-खोबरं उधळतात. गुलालाची पूड इतकी बारीक की झूम आत-बाहेर करताना तीही नळीत ओढली जाते. भाड्याच्या लेन्सच्या काचेआड गुलाबी धूळ गेली तर अनामत परत मिळायची आशा सोडावी. म्हणून साधी १८-५५, आधीच लावलेली, वरती फिल्टर, आणि डोंगरावर असेपर्यंत माउंट उघडायचा नाही. उन्हात एफ ८ वर ती लेन्स काही कमी पडत नाही. गुलालाचा रंग मात्र कॅमेऱ्याला झेपत नाही, लाल भाग पटकन फुटतो, म्हणजे त्यातले बारकावे पुसले जातात. उजेड दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवला. गाभाऱ्यात कॅमेरा काढला नाही. काळ्या दगडाच्या शिखरांपुढे, कपाळभर गुलाल लावलेली जोडी, हा फोटो घरात फ्रेम होऊन लागला. सगळ्यात स्वस्त लेन्सचा.

हेच लग्न लॉनवर, रात्री असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथे स्टेज उंच आणि रुंद, बाजूला उभं राहायला जागा असली तरी स्पीकर आणि धुराचं मशीन असतं, आणि बसायची ओळ १२ मीटरवर. १२ मीटरवरून २०० ला १.४ मीटर रुंदी मिळते, बरोबर दोघांची. मग ७०-२०० एफ २.८ घ्यावी, १७-५० दुसऱ्या बॉडीवर लावावी, आणि त्या दिवसापुरता भावाचा मान दुसऱ्या कुठल्या तरी चुलतभावाला द्यावा.